एका घंटीची खुशाली

गजा भोईरला नोकरी लागली ती गळ्याच्या जोरावर. खालापूरच्या अलीकडे पुठ्ठ्याचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा गजा टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत होता. एका खांबाखालून दुसऱ्या खांबावरच्या माणसाला त्याने हाक मारली, की पलीकडच्या शेतात लावणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत. कारखान्याच्या पहिल्या मॅनेजरने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, ह्याला फोनवर बसवा. त्या काळी फोन म्हणजे हँडल फिरवायचं, खोपोलीच्या ऑपरेटरला जागं करायचं, मुंबई मागायची, आणि लागलीच तर पोट आत ओढून ओरडायचं. गजा सातवी पास होता, इंग्रजी आकडे त्याला येत होते, आणि ओरडायला काही शिकावं लागणार नव्हतं. बसला तो फोनपाशी, आणि जवळजवळ पंचवीस वर्षं तिथून हलला नाही.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्याचं गाव. गावात फोन नव्हता, सरपंचाच्या घरीसुद्धा नव्हता. त्यामुळे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत कामाला गेलेल्या प्रत्येकाच्या खिशात कारखान्याचा नंबर असे आणि त्यापुढे ‘पी. पी. गजा भोईर’. म्हणजे फोन कंपनीचा, माणूस गजा आणि काम तिसऱ्याच कुणाचं. फोन आला की गजा मागच्या भिंतीशी स्टूल ओढून त्यावर उभा राही आणि हाक देई, “पोशाच्या आये, तुजा फोन हाय गं!” पोशाची आई हात पुसत पळत येईपर्यंत तो पलीकडच्याला पावसाच्या आणि म्हशीच्या गोष्टी सांगून धरून ठेवी. साहेब लोक कुरकुरत, पण गावातलीच माणसं कारखान्यात राबत होती, तेव्हा फार ताणून धरत नसत.

बाळंतपणाची बातमी आली की गजा आधी मुलगा की मुलगी ह्यावर दोन-चार जणांना बोलायला लावी आणि मगच खरं काय ते सांगे. शिव्या खाई आणि खूश होई. मरणाची बातमी मात्र त्याने कधी भिंतीवरून ओरडून सांगितली नाही. त्या वेळी तो चपला घालून चालत जायचा, ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा आणि म्हणायचा, “जरा जास्त हाय म्हणतात. निघा तुमी.” मेलं हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. ऐकणाऱ्यालाही कळायचंच, पण प्रवास पुरा होईपर्यंत तरी माणूस धरून राहायचा. गावाची आणि गजाची ही रीत न बोलता ठरून गेली होती.

पुढे हँडल गेलं, डायल आली आणि मुंबईहून सरळ नंबर लागायला लागला. पलीकडे उचलला तरच पैसे पडतात, एवढी अक्कल गावाला यायला फार दिवस लागले नाहीत. लगेच ठरलं की एकच घंटी वाजवून ठेवली तर खुशाल, आणि घंटी वाजतच राहिली तर अडचण आहे, उचला आणि बोला. कुणाची घंटी कुठल्या वारी, जेवणाआधी की नंतर, हे सगळं गजाच्या डोक्यात. टेबलावरचा काळा फोन एकदा खणाणून गप्प झाला की तो भिंतीशी जाऊन सांगे, “धोंडे, तुजा लेक खुशाल हाय!” टेलिफोन खात्याला एक पैसा न देता सगळं गाव फोन वापरत होतं आणि ह्या बाबतीत कुणाच्या मनाला टोचणी वगैरे नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली गणपती झाले आणि गजाच्या बायकोने, मोतीबाईने अंथरूण धरलं. पोटात गाठ निघाली. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईचं मोठं हॉस्पिटल सांगितलं. एकुलती एक लेक जिजा शेलूला दिली होती, ती आपलं घर सासूवर टाकून आईपाशी वॉर्डात राहिली. गजा रविवारी जाऊन येई. बाकीचे दिवस घंटीवर. दुपारी शेजारच्या खाटेवरची बाई मोतीबाईकडे बघे, तेवढ्यात जिजा हॉस्पिटलसमोरच्या बूथवर पळे आणि एक घंटी देऊन परत येई.

“आई बरी असली तर एकच,” गजाने तिला बजावलं होतं. “कायबी वाकडं दिसलं तर वाजवत राहा. मी उचलीन आणि तसाच निघंन. पैशाचं बघू नको.”

मोतीबाई खाटेवरून हसली होती. म्हणाली, “घंटी आयकली ना, तर हे चपला घालाया पण थांबायचे नायत.”

ऑपरेशन झालं. आठवडाभर दुपारची घंटी एकेक करून येत राहिली. गजा ती ऐकायचा आणि मगच डबा उघडायचा.

त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला. काचेची खोली झाली, तिला गार हवेचं यंत्र लागलं, चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला. मुंबईच्या मुख्य ऑफिसला रोजच्या मालाचे आकडे आता टपालाने नको होते, तारेवरून हवे होते. त्यासाठी मुंबईहून एक इंजिनीअर मोडेम घेऊन आला. वहीएवढी चपटी पेटी, पुढे लाल दिव्यांची रांग. तिची एक दोरी कॉम्प्युटरच्या पाठीत, दुसरी टेलिफोनच्या तारेत. तार गजाच्या ताब्यातली, म्हणून इंजिनीअरने त्यालाही आत बोलावलं.

पोरगा स्वभावाने चांगला होता. गजाला काका म्हणायचा आणि विचारलं की सांगायचा. कॉम्प्युटरच्या पाठीतून आकडे एकामागे एक निघतात, ते किती वेगाने निघायचे हे दोन्ही टोकांना सारखं ठरवावं लागतं. प्रत्येक अक्षराच्या मागे खूण किती लावायची, तेही सारखं. एका टोकाला जरा फरक पडला की पलीकडे नुसता कचरा उमटतो. मग त्याने पेटीच्या मागची बारीक बटणं काडीने खालीवर केली आणि हाताने नंबर फिरवून मुंबईला जोडून बघितलं. कागदावर फुल्या आणि चांदण्या आल्या. परत बटणं केली, परत चांदण्या. दुपार गेली तेव्हा कुठे बटणं जुळली. मग नंबर फिरवण्याची गोष्ट निघाली. पेटी सूर काढून नंबर लावू बघत होती आणि आमच्या जुन्या एक्स्चेंजला सूर कळत नव्हते, त्याला डायलचे टकटक ठोकेच हवे होते. ते गजानेच सांगितलं, कारण एक्स्चेंजच्या माणसाशी त्याचं रोजचं बोलणं. इंजिनीअरने तसं लावलं आणि नंबर लागला. संध्याकाळी चहाच्या वेळेला मुंबईचे आकडे स्वच्छ उतरले, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

आता रोज दुपारी मुंबईचं मशीन फोन करणार आणि इथली पेटी आपणहून उचलणार, असं ठरलं. साहेबांचं जेवण झाल्यापासून चहापर्यंत पेटी चालू. तेवढा वेळ गजाने रिसीव्हरला हात लावायचा नाही, लावला तर आकडे मोडतात. पेटी उचलताना कर्कश किंचाळायची, ते हिशेबाच्या साहेबांना सहन होईना, म्हणून तिचा आवाज बंद करून टाकला.

गजाने वेळ जुळवून बघितली. जिजाची घंटी नेमकी त्याच वेळची.

“साहेब, ही उचलनार कितव्या घंटीला?” त्याने विचारलं.

“पहिल्या. पण ते आपल्या हातात आहे, काका. का हो?”

गजाने एका घंटीची सगळी गोष्ट सांगितली. इंजिनीअरला ती इतकी आवडली की तो मोठ्याने हसला. “मग चारवर ठेवू की. चौथ्या घंटीला उचलेल. तोवर तुमच्या गावाच्या घंट्या वाजू देत.”

दारात हिशेबाचे साहेब घड्याळ बघत उभे होते. चार घंट्या म्हणजे साहेबांना फार वाटेल, आधीच कंपनीच्या लाईनवर गावाचा संसार चालतो हे त्यांना सलत असतं, असं गजाच्या मनात आलं. मागायचंच तर थोडं मागावं, ही त्याची जन्माची सवय. तो म्हणाला, “नको, साहेब. आमाला एकच लागते. दोनवर ठेवा.”

“नक्की?”

“नक्की.”

इंजिनीअरने कॉम्प्युटरवर दोनचा आकडा मारला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

गजाचा हिशेब सरळ होता. एक वाजून थांबली तर खुशाल. दुसरी वाजली तर अडचण, मग साहेब काय म्हणतील ते म्हणू दे, लाईन मोकळी करून शोध घ्यायचा. हिशेबात चूक एवढीच होती की दुसरी घंटी त्याला ऐकूच येणार नव्हती. दुसरी सुरू होते न होते तोच पेटी ती उचलून घ्यायची. टेबलावरच्या फोनपर्यंत पहिलीच तेवढी पोचायची. जिजाने एक देऊन ठेवला काय आणि जीव तोडून वाजवत राहिली काय, गजाच्या कानाला दोन्ही सारखंच.

आणि हे त्याला रोज दिसत होतं, ह्याचाच राग येतो. मुंबईच्या मशीनचा फोन यायचा, फोन एकदा खणाणायचा, गप्प व्हायचा आणि आतल्या खोलीत छपाई सुरू व्हायची. मशीन काही एका घंटीत ठेवून देत नव्हतं, ते वाजवतच होतं. पण गजाला वाटलं, मशीनला मशीनची ओळख, त्यांचं एका हाकेत भागत असेल. पंचवीस वर्षं माणसांचे फोन जोडणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. ज्याला सुचलं असतं तो मुंबईच्या गाडीत बसून गेला होता.

त्या रविवारी मोतीबाई उठून बसली होती. गजाने नेलेली भाकरी तिने दोन घास खाल्ली आणि कारखान्यात काय नवीन म्हणून विचारलं. त्याने मोडेमची कथा रंगवून सांगितली. जिजाला म्हणाला, “आपली घंटी मी राखलीय, तू काळजी करू नको.” खुशीत परतला.

मंगळवारी दुपारी घंटी आली. एकच. गजाने डबा उघडला. थोड्या वेळाने आणखी एक आली, तीही एकच. आतल्या खोलीत छपाई सुरू झाली नाही, म्हणजे मुंबई ऑफिस नव्हे. मंगळवार धोंडीच्या लेकाचा. गजा भिंतीशी गेला आणि म्हणाला, “धोंडे, खुशाल हाय गं तुजा!” परत येतो तोच आणखी एक. ही पोशाची असणार, त्याचं वाराचं काही खरं नसतं. गजाने पोशाच्या आईलाही खुशाली सांगितली. ती म्हणाली, “मेल्याला बरी आय आठवली.”

बुधवारी तर घंट्यांचा पाऊसच पडला. एक वाजे आणि थांबे, जरा वेळाने परत एक. गजा सारखा भिंतीशी आणि टेबलाशी. शेवटी शिपायाला म्हणाला, “आज सगळ्या मुंबईला गावाची आठवन आलीय रं!” आणि हसला. पुढे आयुष्यभर त्याला त्या हसण्याचा आवाज आठवत राहिला आणि दर वेळी आपलं थोबाड फोडावंसं वाटलं.

गुरुवारी दुपारच्या तोंडावर फाटकापाशी पोपट येऊन उभा राहिला. पोपट म्हणजे जिजाचा दीर, शेलूचा. गजाने त्याला लांबूनच ओळखलं आणि चहा मागवायला शिपायाला हाक मारली. पोपट चहाला थांबला नाही. आधी त्याने पाणी मागितलं. प्यायला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “मामा, मामीला जरा जास्त हाय म्हणतात. निघा तुमी.”

 हे शब्द गजाने किती ओट्यांवर बसून किती जणांना सांगितले होते, त्याची गणती नव्हती. स्वतःला कुणी सांगेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“कधी?” त्याने विचारलं.

पोपटाने मान खाली घातली.

“खोटं बोलतोस तू. कालपन घंटी आली. एकच आली. खुशाल हाय ती.”

“वयनी परवापासून फोन करतेय, मामा. दुपारचंच तिला खाटेपासनं हलता येतं. टाके पिकले, ताप डोक्यात गेला. डॉक्टर म्हनले, मालकांना बोलवून घ्या. वयनी बूथवर जाऊन जाऊन दमली. कुनी बोलतच नाय म्हनते, पलीकडून नुसतं किंचाळतंय. नंबर चुकतोय म्हनून तिनं परत परत लावला. मग काल सांजच्याला कुनाच्या हाती निरोप धाडलान, तो मला आज पहाटं मिळाला. मी आधी हॉस्पिटलातच गेलो, तर…”

गजाने आतल्या खोलीकडे बघितलं. काचेतून पेटीचे लाल दिवे दिसत होते. त्याला सगळं कळलं, आणि कळायला क्षणही लागला नाही. दोन दिवस जे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते आता विचारायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

मोतीबाईला गावी आणलं आणि पाताळगंगेच्या काठी पोचवलं. गजा रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, बाहेर पडेल हळूहळू. तो बाहेर पडला तो सरळ धोंडीच्या दारात गेला. म्हणाला, “त्या मंगळवारची घंटी तुज्या लेकाची नव्हती गं. मोतीची होती.” धोंडी वाकून भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि त्याला बस म्हणाली. तो बसला नाही. तसाच पोशाच्या आईकडे गेला, तिलाही हेच सांगितलं. जिथे जिथे त्या दोन दिवसांत खुशाली वाटली होती, त्या सगळ्या घरी गेला आणि एकेकाची खुशाली परत घेऊन आला. काहींना राग आला. मरत्या बाईच्या घंटीवर आपण हसलो, हे कुणाला आवडेल?

कामावर रुजू झाला त्या दिवशी त्याने साहेबांकडून मुंबईला निरोप पाठवला. इंजिनीअर आला. “चारवर ठेवायचं ना, काका?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. त्याला कळलं होतं.

“पहिल्यावर ठेवा,” गजा म्हणाला. “घंटी वाजायलाच नको.”

त्या दुपारपासून गावाची एका घंटीची रीत मोडली. गजाने घरोघरी सांगितलं, खुशाली पाहिजे तर पत्र टाका, नाहीतर सकाळी फोन करून बोला, पैसे पडू द्या. गाव कुरकुरलं. पण त्याच्यासमोर कुणी बोललं नाही.

जिजा दिवस होईपर्यंत माहेरी होती. सगळ्यांसमोर ती बापाशी बोलली नव्हती, जेवण वाढायची आणि सरकून बसायची. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी तिला शेलूला जायचं होतं. सकाळी ती अंगणात पिशवी भरत बसली होती आणि गजा तिच्यापासून हातभर अंतरावर. तोच बोलला. मशीन कसं आलं, कितव्या घंटीवर ठेवायचं हे कसं विचारलं, चार मिळत असताना आपण दोन कसे मागितले, सगळं त्याने सांगितलं. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं असतं तर बरं झालं असतं.

जिजा साडीची घडी घालता घालता थांबली.

“म्हंजे माजा फोन तुमाला आयकू येत व्हता, बा?”

“येत व्हता.”

“दर वेळेला?”

“दर वेळेला एक घंटी. मला वाटलं, तुजी आय बरी हाय.”

जिजाने साडी मांडीवर ठेवली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर गजाला सोपं गेलं असतं.

“मी आयला म्हनत व्हते, बाला कळलंच नाय, तिकडं फोन बिघडलाय. तर ती माज्यावरच चिडायची. म्हनायची, असं व्हायचं नाय, माज्या मानसाला घंटी आयकू येते. निघालं असतील, वाटंत असतील. बुधवारी सांजंपासून तिनं मला खाटंशी बसू दिलं नाय. म्हनली, तू दाराच्या आडनं बाजूला हो, मला दिसू दे.”

गजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जिजाने साडीची घडी पुरी केली, पिशवीत घातली आणि पिशवी बांधली. मग तिने बापाचा हात धरून त्याला उठवलं आणि जेवायला आत नेलं.